हळदीआधीचं मलम

काशीदच्या दक्षिणेला, समुद्राला लागून असलेल्या ज्या गावात मी बावीस वर्षं कंपाउंडर होतो, तिथे एका माणसाबद्दल अजून एक गोष्ट सांगतात. तो वारला त्याला पन्नासहून जास्त वर्षं झाली. ऐन तारुण्यात त्याला मुंबईहून घाणेरडा रोग लागला, तोंडातून लाळेच्या धारा सुरू झाल्या, दात पडले आणि ठरलेलं लग्न मोडलं, अशी ती गोष्ट आहे. लाळेच्या धारा खऱ्या आहेत. दात पडले, लग्न मोडलं, तेही खरं. रोग मात्र नव्हता. एक नायटा सोडला तर त्याच्या अंगाला काहीही झालेलं नव्हतं. लाळ सुटली ती माझ्या हातच्या मलमाने, आणि डॉक्टर त्याला तपासत होते तेव्हा मी त्यांच्या शेजारी उभा होतो आणि मला ते समजलेलं होतं.

हे सुरुवातीलाच लिहून टाकतो. नाहीतर मी मला ओळखतो. चार पानं समुद्राचं वर्णन करीन आणि मुद्द्याच्या अलीकडेच थांबेन. असं याआधी दोनदा झालं आहे.

मी म्हसळ्याकडचा. घरी भातशेती, चार महिने काम आणि आठ महिने चिंता. स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली असतील, सातवीची परीक्षा पास होऊन मी घरी बसलो होतो. नात्यातल्या एकाने मला या डॉक्टरांकडे चिकटवलं. दवाखाना दोन खोल्यांचा. पुढच्या खोलीत डॉक्टर, मागच्या खोलीत मी, बाटल्या, खल आणि तराजू. तेव्हा तयार गोळ्या थोड्याच यायच्या. मिश्रणं, पुड्या, मलमं आम्हीच बनवत असू. बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायची, म्हणजे किती घोट घ्यायचा ते अडाणी माणसालाही कळायचं. वर्षभरात माझा हात बसला. हात बसला म्हणजे अक्कल आली असं मला वाटायला लागलं, आणि गावातले लोकही मला मागच्या खिडकीशी येऊन हळूच औषधं विचारू लागले. मला ते आवडायचं.

तो तांडेलाचा मुलगा. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख, ज्याच्या शब्दावर जाळं पडतं आणि उचललं जातं. मुलगा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, तेविसाचा. होडी लागली, मासळी निघाली की दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसायचा. मी डोंगराकडचा, पाण्याला भिणारा. त्याने मला पोहायला शिकवलं नाही, पण कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायला शिकवलं. "लाट आली की पाठ दे तिला," म्हणायचा, "बायकोला न्हाय देयाची, लाटेला दे."

त्याचं लग्न ठरलं होतं. माघात साखरपुडा झाला होता, वैशाखात लग्न. शिमगा झाल्यावर एका दुपारी तो पायरीवर न बसता मागच्या खिडकीशी आला.

"कंपाउंडर, एक काम हाय. हसायचं न्हाय."

"नाही हसत."

"हसतोस. आताच हसतोस."

आत येऊन त्याने दार लोटलं आणि कमरेचा रुमाल सैल केला. कोळी पुरुष कमरेला तो तिकोनी रुमाल बांधतात, तो दिवसभर खाऱ्या पाण्याने ओला असतो. कमरेभोवती, जांघांत आणि खाली पाठीवर नायट्याची मोठमोठी वर्तुळं उठली होती.

"हा तर निम्म्या कोळीवाड्याला असतो," मी म्हटलं.

"निम्म्या कोळीवाड्याची हळद न्हाय या वैशाखात."

मग मला कळलं. हळदीला नवऱ्या मुलाला उघड्या अंगाने पाटावर बसवतात, आणि बायका त्याला डोक्यापासून पायापर्यंत चोळतात. दोन्हीकडच्या बायका. "तिकडच्या करवल्या काय मुकाट्यानं हळद लावतील?" तो म्हणाला. "नायट्यावर गानं जोडतील. बारशापर्यंत म्हनतील."

मी म्हटलं, डॉक्टरांना दाखव.

"डॉक्टर बाशी बोलतील, बा आयशी बोलंल, आय विहिरीवर बोलंल. मंग हळदीची वाट कशाला बघायची?"

डॉक्टर नायट्यासाठी पाऱ्याचं एक मलम देत असत. खलात पारा आणि चरबी घेऊन घोटत बसायचं. पाऱ्याचे चकचकीत मणी बारीक होत होत दिसेनासे होतात आणि राखाडी मलम उरतं. ते देताना डॉक्टर हरभऱ्याच्या दाण्याएवढं चिमटीत धरून दाखवायचे: एवढंच, दिवसातून एकदा, आणि आठ दिवसांनी मला दाखवायला या. आठ दिवसांचा हा नेम कशासाठी, ते मी कधी विचारलं नव्हतं. बरं होतंय का ते बघण्यासाठी असेल, असं धरून चाललो होतो.

मी ते मलम त्याच्यासाठी चोरून बनवलं. डब्यातली चरबी कमी झालेली डॉक्टरांना कळली असती म्हणून त्याने घरून मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं तेल आणलं, मी त्यात मेण घातलं. पाऱ्याची बाटली कोणी बघत नसे. पारा मी डॉक्टरांच्या मापाच्या दुपटीने घातला, कदाचित त्याहून जास्त. वैशाख जवळ आला होता आणि मला माझी करामत दाखवायची होती.

"कसं लावू?"

"अंग कोरडं करून. चांगलं लाव. आणि कोणाला बोलू नको."

हरभऱ्याचा दाणा मी दाखवला नाही. डॉक्टरांची नक्कल केल्यासारखं वाटलं असतं म्हणून राहिलं, की विसरलो, हे आता मला खरोखर आठवत नाही.

त्याने ते कसं लावलं हे मला पुढे कळलं. होडी किनाऱ्यावर ओढली की तिला मुशीचं तेल देतात. एक हात द्यायचा, तो मुरला की दुसरा, मग तिसरा. चांगलं म्हणजे तीन हात, हे त्याच्या हाडात होतं. त्यातून मलमाला वासही त्याच तेलाचा. तो सकाळी तीन हात देत होता, दिवेलागणीला तीन. पुसून जाऊ नये म्हणून वरून जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळत होता. दहा दिवसांत नायटा सुकला. तो खुशीत दाखवायला आला, मी त्याहून खूश झालो आणि दुसरी डबी दिली.

लाळ सुरू झाली तेव्हा सगळे हसले. होडीवर तो सारखा बाजूला तोंड करून थुंकायचा.

"काय रं, नवरी आठवली का पापलेट?"

"तोंडाला पानी सुटलंय. वैशाखापर्यंत पुरंल ना?"

तोही हसायचा. मग म्हणाला, तोंडात सारखी तांब्याची चव येते, जसा काही पैसा चघळतोय. चार दिवसांनी उशी भिजायला लागली. सहा-सात दिवसांनी खांद्यावर फडकं आलं. हिरड्या सुजल्या, तोंडाला दुर्गंधी सुटली, जेवण जाईना. बोलताना लाळ हनुवटीवरून छातीवर ओघळायची. जाळ्याची गाठ मारताना त्याची बोटं कापत होती.

मग मात्र कोणी हसेना. शिमग्याच्या वेळी त्याला कुत्रा चावला होता, हे कोणाला तरी आठवलं. चावलाही नव्हता, पोटरीला दात लागले होते. पण लाळ आणि कुत्रा एवढं पुरेसं होतं. शेजारच्या बायकांनी मुलं घरात ओढली. आईने घरात एकटीने जाऊन त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या धरला. पिसाळलेल्या कुत्र्याचं विष चढलेला माणूस पाणी बघून घाबरतो, हे तिलाही ठाऊक होतं. तो दोन घोट प्यायला, हिरड्या झोंबल्या म्हणून कळवळला, पण प्यायला. आई दारात बसून रडली आणि मग तिने बाहेरच्या बायकांना शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी भगत आला. कोणी जंत म्हणालं, कोणी फिटचं दुखणं. त्याची धाकटी बहीण तेरा-चौदा वर्षांची होती. ती त्याला पेज भरवायची आणि फडकी धुवायची. इतर कोणी फडक्यांना हात लावत नव्हतं.

मी त्या दिवसांत रोज तिकडे जात होतो आणि रोज बसतो न बसतो तोच उठून येत होतो. दवाखान्यात बाटलीवर बूच बसवायचो, परत काढून बघायचो. औषध आणि लाळ यांचा संबंध असेल असं एकदा मनात आलं होतं. ते मी झटकलं. मलम कमरेला, लाळ तोंडात. कमरेचं तोंडात कसं जाईल? अशी माझी विद्या.

शेवटी तांडेल स्वतः डॉक्टरांना बोलवायला आला.

डॉक्टरांनी त्याला अंगणात उन्हात बसवलं. माझ्या हातात आरसा दिला. आरशाने उन्हाची तिरीप रोग्याच्या घशात सोडायची, हे माझं नेहमीचं काम. डॉक्टर तपासता तपासता मला शिकवत असत, त्यांना ती सवय होती.

"लाळ वाहते म्हणजे दोन गोष्टी," ते म्हणाले. "एक तर जास्त तयार होतेय, नाहीतर नेहमीचीच आहे पण गिळता येत नाही. आधी ते ठरवायचं." घशात गळू नाही. टाळू दोन्ही बाजूंनी सारखी उचलली जातेय, म्हणजे घसा लुळा पडलेला नाही. पाणी पितो, वाऱ्याला भीत नाही, म्हणजे कुत्र्याचं काढून टाक. फिट असती तर तोंडाला फेस येऊन थांबला असता, अशी पंधरा दिवस धार लागली नसती. जंतांनी किंवा आम्लपित्ताने तोंडाला पाणी सुटतं, पण हिरड्या अशा सडत नाहीत. धोतऱ्याने उलट तोंड कोरडं पडतं. असं एकेक बाजूला काढत ते हिरड्यांशी थांबले. बोटाने दात हलवून बघितले. पुढचे दोन दात हलत होते. त्याला हात पुढे धरायला सांगितलं, बोटं थरथरली.

"पारा," ते म्हणाले. मला नाही, स्वतःशीच. मग त्याला विचारलं, "कोणाचं औषध घेतलंस? पाऱ्याचं, रसकापुराचं, काही?"

तिरीप त्याच्या तोंडावरून गालावर गेली, गालावरून भिंतीवर. "आरसा नीट धर रे," डॉक्टर म्हणाले.

त्याने माझ्याकडे बघितलं. अगदी क्षणभर.

"न्हाय," तो म्हणाला.

"मुंबईला गेला होतास?"

"धक्क्यावर. मासळी घेऊन."

"किती दिवस?"

"चार-पाच."

डॉक्टर त्याला आत घेऊन गेले, अंग तपासलं. सुकत आलेल्या नायट्याचे काळसर डाग कमरेला आणि जांघांत होते. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा कठोर झाला होता. तेव्हा पारा अंगात इतका मुरवायचा तो एकाच दुखण्यासाठी. गरमी, म्हणजे उपदंश. मुंबईत गल्लोगल्ली असे उपचार करणारे बसलेले असत. डॉक्टरांनी जो अर्थ लावला तो कोणत्याही शहाण्या डॉक्टराने लावला असता.

वाटेत ते म्हणाले, "हे पारा देणारे लोक, यांना चाबकाने फोडलं पाहिजे. कोण देतो रे असली औषधं?"

आणि मी म्हणालो, "मुंबईचा कोणीतरी हकीम असेल, साहेब."

आजवर मी स्वतःला सांगत आलो, की मी फक्त गप्प राहिलो. नाही. हे वाक्य मी बोललो. मला कोणी विचारलं नव्हतं तरी मुंबईचं नाव मी घातलं.

डॉक्टरांनी लाळ कमी व्हायला थेंब दिले आणि गुळण्यांचं औषध सांगितलं. ते पाऱ्याने सडलेल्या तोंडाचंच औषध. ते मी बनवलं, पट्टी चिकटवली आणि घेऊन गेलो. तो सुकत घातलेल्या बोंबलांच्या काठ्यांमागे बसला होता. मी म्हटलं, मलम बंद कर, डबी फेक.

"मलमानं झालं?"

"हो."

तो बराच वेळ फडक्यात थुंकत राहिला. "मंग डॉक्टरांना सांग की."

"माझी नोकरी जाईल."

"जाईलच?"

"जाईल."

"मंग गप. आठ दिवसांत तोंड सुकंल. कोन बघतंय?"

त्या वेळी आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं, की डॉक्टरांनी तांडेलाला बाजूला घेऊन लग्न पुढे ढकलायला आणि मुंबईत रक्त तपासून घ्यायला सांगितलं होतं. डॉक्टर हळू बोलले होते, त्यांनी दुसऱ्या कोणालाही सांगितलं नाही. पण तांडेल रक्त तपासायला थांबलाच नाही. दुसऱ्याची मुलगी आपल्या घरात फसवून आणायची नाही, एवढंच त्याला कळत होतं. दुसऱ्या सकाळी तो वल्हवत नवरीच्या गावाला गेला, मुलीच्या बापाला एकट्याला गाठून खरं काय ते सांगितलं, आणि शब्द परत घेऊन आला. खरं काय ते. त्याला जे खरं म्हणून सांगण्यात आलं होतं, ते.

मुलीचा बाप भला होता असं म्हणतात. तरी आठ दिवसांत बाजाराच्या वाटेवरच्या सगळ्या बायकांना कळलं होतं.

तांडेल मुलाशी बोलेना. जेवायला वेगळं ताट, होडीवर वेगळी जागा. लाळ महिन्याभरात थांबली. समोरचे दोन दात गेले, पुढे बाजूचा एक. वैशाख आला आणि गेला. मी एकदा त्याला म्हटलं, मी जाऊन तुझ्या बाला सांगतो. तो म्हणाला, "आता काय सांगतोस? म्हनतील, दोस्ताला वाचवतोय." असं तो म्हणाला असं मला आठवतं. पण त्याने खरंच म्हटलं, की नंतरच्या वर्षांत मीच ते त्याच्या तोंडी घातलं, हे मी आता शपथेवर सांगू शकत नाही. त्या वाक्यावर मी फार दिवस काढले आहेत.

पावसाळ्यानंतर तो मुंबईला गेला आणि तिकडे लाँचवर लागला. रोग जिथून आणला तिथेच गेला, असं गाव म्हणालं. मधे काही वर्षांनी रेवसच्या बोटीवर आम्ही समोरासमोर आलो. माझं लग्न झालं होतं, डॉक्टरांचा माझ्यावर पूर्ण विश्वास होता, ते परगावी गेले की मी एकटा दवाखाना सांभाळत होतो. तो हसला, आणि हसताना त्याने तोंडावर हात धरला.

"काय कंपाउंडर, मलम घोटतोस का अजून?"

"नाही."

"चांगलं होतं पन. नायटा परत आला न्हाय."

लग्न केलं का, असं मी विचारलं नाही. मला माहीत होतं. साठचं दशक संपायच्या आत तो तिकडेच तापाने गेला. निरोप गावात आला तेव्हा मी दवाखान्यात होतो, आणि पुड्या बांधत राहिलो.

गेल्या हिवाळ्यात मी मुलीला म्हटलं, जुन्या गावी एकदा जाऊन येऊ. कारण सांगितलं नाही. त्याची बहीण सासर सोडून पुन्हा माहेरच्या घरी राहते असं कळलं होतं. अंगणात ती जवळा निवडत बसली होती, शेजारच्या दोघी-तिघी बरोबर होत्या. तिने मला ओळखलं नाही. कंपाउंडर म्हटल्यावर ओळखलं.

"अजून जगलास?" ती म्हणाली. "बस."

मी बसलो आणि सांगायला लागलो. मनात सगळं जुळवून गेलो होतो. दोन वाक्यं झाली असतील, तिने हात कानामागे नेला.

"ऐकू येत न्हाय. मोठ्यानं."

मी मोठ्याने सांगितलं. तिला अर्धंच कळलं. शेजारीण म्हणाली, "आजोबा, वरडा. तिला वरडल्याबिगार कळत न्हाय." मग मी ओरडून सांगितलं. मलम मी बनवलं. पारा जास्त घातला. त्याला कसलाही रोग नव्हता. मुंबईचं मी खोटं बोललो. ओरडताना मला धाप लागत होती, मधे थांबावं लागत होतं. पलीकडच्या घरातून एक माणूस बाहेर आला, दोन मुली कठड्याशी येऊन उभ्या राहिल्या. माझी मुलगी माझ्या मागे होती. मी मागे बघितलं नाही.

बहिणीने जवळ्यातला कचरा बाजूला काढला. "फडकी मी धूत होते," ती म्हणाली. "हाताला वास राह्याचा. शेजारच्या पोरी मला खेळायला घेत नव्हत्या." मग शेजारणीकडे वळून म्हणाली, "ऐकलंस ना? तुझ्या सासूला जाऊन सांग. लई बोलायची."

शेजारीण खाली बघू लागली.

"आनि बाला का न्हाय सांगितलंस?" तिने मला विचारलं. "शेवटची दोन वर्षं बा तुझ्याकडंच यायचा सुई टोचून घ्यायला. दर मंगळवारी. तुझ्याच हातानं."

खरं होतं. येऊन तो बाही वर करायचा आणि सुई टोचेपर्यंत दाराबाहेर बघत राहायचा. मुलाबद्दल कधी एक शब्द बोलला नाही. खोलीत आम्ही दोघेच असायचो.

"नोकरी गेली असती," मी म्हणालो. हे मात्र माझ्या तोंडून हळू निघालं.

"काय?" तिने पुन्हा हात कानामागे नेला. "मोठ्यानं बोल."

मी परत सांगितलं.